चित्र आहे, उजेड गेलाय

रायपूरच्या गोलबाजारातून मालवीय रोडकडे किंवा जयस्तंभ चौकाकडे निघालं, की वाटेतल्या गल्ल्यांत कुठे ना कुठे टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचं टेबल लागतं. अशा टेबलापाशी थोडं रेंगाळलं, तर एकच तक्रार चार तऱ्हांनी ऐकू येते. ‘भैया, आवाज येतो, फोटो येत नाही.’ ‘चालू केला की क्षणभर उजळतो आणि मग अंधार.’ ‘पडद्यावर नुसतं सिग्नल नाही असं लिहून येतं.’ ‘अर्धाच पडदा दिसतो.’ गिऱ्हाइकाच्या दृष्टीने चौघांचंही दुखणं एकच: टीव्ही लागतो, पण दिसत काही नाही. मिस्त्रीच्या दृष्टीने मात्र ही चार वेगळी दुखणी आहेत. त्यातल्या एकाला दमडी लागत नाही आणि दुसऱ्यात नव्या टीव्हीच्या जवळपास पैसे जातात.

म्हणून टीव्ही उचलून रिक्षात घालण्याआधी आपलं दुखणं या चारांतलं कोणतं, ते घरीच ओळखून घ्यावं. त्याला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. रिमोट, अंधारी खोली आणि मोबाइलची बॅटरी एवढ्यावर निम्म्याहून जास्त निदान होतं. हे सविस्तर सांगायचं कारण म्हणजे ‘पॅनल गेलं’ हे वाक्य हल्ली फार लवकर उच्चारलं जातं. ऐकणारा मुकाट्याने मान डोलावतो आणि चांगला टीव्ही भंगारात जातो.

पहिली तपासणी सर्वांत सोपी, आणि बहुतेक लोक नेमकी तीच करत नाहीत. टीव्ही चालू करायचा आणि रिमोटवरचं आवाजाचं बटण दाबायचं. पडद्यावर आवाजाची पट्टी उमटली, तर टीव्ही ठणठणीत आहे. ती पट्टी टीव्ही स्वतः तयार करतो, तिला बाहेरून काही लागत नाही. ती दिसते म्हणजे पडदाही चालतो आणि त्यामागचा उजेडही. गडबड आहे ती टीव्हीला चित्र पुरवणाऱ्याची: सेट-टॉप बॉक्स, वायर, किंवा निवडलेला इनपुट. ‘सिग्नल नाही’ असं लिहून येणारा टीव्हीही याच वर्गातला. तो टीव्ही तुम्हाला वाचता येईल अशा अक्षरांत सांगतो आहे, की मी बरा आहे, माझ्यापर्यंत काही पोचत नाही.

इथे घरोघरी होणारा एक घोटाळा सांगायला हवा. जुने सेट-टॉप बॉक्स तीन रंगांच्या वायरने जोडलेले असतात: पिवळी, लाल आणि पांढरी. पिवळीतून चित्र जातं, लाल-पांढरीतून उजव्या-डाव्या बाजूचा आवाज. साफसफाई करताना पिवळी पिन जरा सैल झाली, की आवाज नीट येतो आणि चित्र गायब. दिवाळीच्या आधी अशा तक्रारी वाढल्या तर नवल नाही. एचडीएमआयच्या वायरीत चित्र आणि आवाज एकत्रच येतात, त्यामुळे ती निखळली तर सहसा दोन्ही जातात. पण बॉक्सचं रिझोल्यूशन टीव्हीला न झेपणाऱ्या आकड्यावर गेलं, किंवा बॉक्स आणि टीव्ही यांची सुरुवातीची देवाणघेवाण फसली, तर एचडीएमआयवरसुद्धा काळा पडदा येतो. त्यावर उपाय म्हणजे दोन्हींचे प्लग भिंतीतून काढणं. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरं तर बंद नसतो. लाल दिवा लागलेला असतो आणि आतला प्रोसेसर रिमोटच्या हाकेची वाट पाहत जागा असतो. प्लग काढून टीव्हीवरचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, आणखी दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग आधी टीव्ही, नंतर बॉक्स लावायचा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम भागतं. काही टीव्हींत आवाज चालू ठेवून फक्त पडदा बंद करायची सोयही असते, गाणी ऐकण्यासाठी दिलेली. घरातल्या नातवाने ती चुकून लावली असेल तर सहसा आवाजाचं सोडून दुसरं कोणतंही बटण दाबल्यावर पडदा परत येतो.

आवाज आणि चित्र असे वेगवेगळे कसे काय जगू शकतात, हे समजायला रायपूरइतकं योग्य गाव नाही. या भागात टीव्ही पहिल्यांदा आला तो आकाशातून. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर ‘साइट’ नावाचा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग चालला. इस्रोने नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवले. त्या वेळच्या मध्य प्रदेशातली खेडी रायपूरच्या परिसरातली होती. गावात जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री, हैदराबादच्या ईसीआयएलने बनवलेला संच आणि समोर जमलेलं गाव. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन, म्हणजे २ ऑक्टोबर १९७२ नंतर, तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. प्रयोग संपल्यावर १९७७मध्ये रायपूरला जमिनीवरचं दूरदर्शन केंद्र आलं. आपल्या मुद्द्याची गोष्ट अशी, की साइटच्या प्रसारणात एका चित्राबरोबर आवाजाच्या दोन स्वतंत्र वाहिन्या होत्या. आंध्र आणि कर्नाटकातली खेडी एकच चित्र पाहत, पण एकीकडे तेलुगू ऐकू येई आणि दुसरीकडे कन्नड. चित्राची आणि आवाजाची वाट वेगळी असल्याशिवाय हे जमलं नसतं. आजच्या टीव्हीतही मुख्य बोर्डावर पोचल्यानंतर दोन्ही वाटा फुटतात. आवाज छोट्या अॅम्प्लिफायरमधून थेट स्पीकरला जातो. चित्राला मात्र अजून बराच प्रवास करायचा असतो, आणि अडथळे तिथेच आहेत.

यातून एक कामाचा निष्कर्ष निघतो. आवाज व्यवस्थित येत असेल, रिमोटने चॅनेल बदलत असेल, तर मुख्य बोर्ड बहुतांशी जिवंत आहे. वीजपुरवठाही निदान अर्धा तरी चालू आहे. तेव्हा ‘मदरबोर्ड उडाला’ असं कुणी टीव्ही न उघडताच म्हणालं, तर आवाज कुठून येतोय हे विचारावं.

आता दुसरी तपासणी. आवाज आहे, पण आवाजाची पट्टीही दिसत नाही, अशा टीव्हीसाठी. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवायचे, टीव्ही चालू करायचा आणि पडद्याच्या कडांकडे बघायचं. काळ्यातही काळं असतं. मागचा उजेड चालू असलेला एलसीडी पडदा काहीही दाखवत नसला, तरी अंधारात किंचित राखाडी झळकतो, कारण तो उजेड शंभर टक्के अडवू शकत नाही. अशी झळक दिसली तर उजेड आहे आणि चित्र हरवलंय. मिट्ट काळोख असेल तर उलटं असण्याची शक्यता मोठी: चित्र आहे, उजेड हरवलाय.

खात्री करायला मोबाइलची बॅटरी घ्यायची. ती पडद्याच्या अगदी जवळ, थोडी तिरपी धरायची आणि रिमोटवर मेनूचं बटण दाबायचं. मेनूची अक्षरं ठळक असतात, म्हणून ओळखायला सोपी. बॅटरीच्या गोल उजेडात फिकट, भुतासारखी अक्षरं हलताना दिसली, तर निदान संपलं. पॅनल गेलेलं नाही. ते आत्ताही प्रत्येक क्षणी चित्र काढतंय, फक्त अंधारात. एखाद्या घरी आजींची मालिका संध्याकाळी सातला काळी पडते, नाती मोबाइल घेऊन पडद्याशी जाते आणि ओरडते, ‘आजी, आत चालू आहे गं!’ हा प्रयोग असाच घरातल्या कुणालाही जमतो.

तो का जमतो, हे कळलं तर पुढचं सगळं सोपं होईल. ज्याला आपण ‘एलईडी टीव्ही’ म्हणतो तो असतो एलसीडी टीव्हीच. एलईडी हा फक्त मागचा दिवा. सर्वांत मागे पांढरा परावर्तक कागद आणि त्यावर दिव्यांच्या पट्ट्या. त्यांच्यापुढे उजेड सारखा पसरवणारं जाड दुधी प्लास्टिक, मग उजेड समोरच्या दिशेला वळवणारे पातळ पापुद्रे. त्यानंतर खरं पॅनल: दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा थर, पुढे-मागे एकेक ध्रुवक पापुद्रा, आणि लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या. प्रत्येक ठिपक्यातला द्रवस्फटिक विजेच्या दाबानुसार उजेडाच्या कंपनांची दिशा कमी-जास्त वळवतो. समोरचा ध्रुवक त्यातला हवा तेवढा सोडतो, बाकीचा अडवतो. पॅनल स्वतः उजेड तयारच करत नाही. बाहेरून टाकलेला बॅटरीचा झोत पॅनलमधून आत जातो, दुधी प्लास्टिक आणि पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो, आणि येताना चित्र घेऊन येतो. दोनदा गाळला गेल्यामुळे तो फिका असतो, एवढंच.

साध्या ३२ इंची टीव्हीत १३६६ गुणिले ७६८, म्हणजे दहा लाखांहून जास्त ठिपके असतात, आणि प्रत्येकात तीन रंग. हे तीस-एकतीस लाख बारके भाग सहसा शाबूत असतात. गेलेला असतो पंधरा-वीस दिव्यांमधला एक.

एका दिव्याने सगळा अंधार कसा होतो? गोलबाजारात दिवाळीला विकायला येणारी जुन्या धर्तीची दिव्यांची माळ आठवा. त्यातला एक बल्ब उडाला की सगळी माळ विझायची, कारण वीज एका बल्बमधून दुसऱ्यात अशी रांगेने जात असे. टीव्हीतही तसंच आहे. एकेका एलईडीला जातीनुसार ३ किंवा ६ व्होल्ट लागतात. असे अठरा दिवे एकामागोमाग जोडले, तर ५४ किंवा १०८ व्होल्ट हवेत. एवढा दाब तयार करून ठरावीक प्रवाह सोडणारं सर्किट म्हणजे बॅकलाइट ड्रायव्हर. एक दिवा आतून तुटला, की रांगेतला प्रवाह थांबतो. ड्रायव्हरला वाटतं दाब कमी पडतोय, तो दाब वाढवत जातो, मर्यादा ओलांडली गेली की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. ‘क्षणभर उजळतो आणि मग अंधार’ या तक्रारीमागे बहुधा असाच प्रकार असतो. अर्धवट तुटलेला सांधा थंड असताना जुळतो, गरम झाला की सुटतो. मग टीव्ही सकाळी वीस मिनिटं चालतो आणि पुढे नाही. टीव्हीवर थाप मारल्यावर उजेड येत असेल तरी हेच. थाप मात्र मारत बसू नये. काच आहे ती.

काही टीव्हींत ड्रायव्हर रुसला की मुख्य बोर्ड सगळाच टीव्ही बंद करतो आणि समोरचा लाल दिवा ठरावीक वेळा मिचकावतो. तो मिचकावण्याचा आकडा टिपून ठेवावा. मिस्त्रीला त्यातून बरंच कळतं.

दिवे मरतात ते मुख्यतः उष्णतेने, आणि उष्णता आपणच ओढवून घेतो. दुकानात शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला उठून दिसावा म्हणून चित्राचा मोड भडक ठेवलेला असतो आणि बॅकलाइट पूर्ण शंभरावर. घरी आणल्यावरही तो तसाच राहतो. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. अशा वेळी भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीच्या मागे, दिव्याखालच्या पट्टीवर काय तापमान होत असेल याचा विचार करावा. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. फार तापला की लेप उतरतो, आणि पडद्यावर निळसर-जांभळे डाग दिसू लागतात. ही आधी मिळणारी सूचना आहे. पांढऱ्या गोल ठिपक्यांची मात्र गोष्ट वेगळी: दिव्यावरची प्लास्टिकची छोटी भिंगं डिंक वाळल्यामुळे गळून पडलेली असतात. तिथे दिवा चांगलाच असतो, भिंग चिकटवलं की झालं.

यावर फुकटातला उपाय आहे. सेटिंगमध्ये ‘बॅकलाइट’ शोधून तो साठ-सत्तरच्या आसपास आणावा. ‘ब्राइटनेस’ नावाच्या आकड्याशी खेळून बहुतेक टीव्हींत उपयोग नाही. तो चित्रातला काळा रंग किती काळा हे ठरवतो, दिव्यांना हात लावत नाही. घरात संध्याकाळी साठाचा उजेड पुरतो. पहिले दोन दिवस फिकं वाटतं, नंतर डोळे सरावतात.

इथवर घरचं काम. यापुढे मागचं झाकण उघडावं लागतं, आणि ते घरच्यांनी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही व्हिडिओ पाहिलेले असोत. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेपासून आत साधारण ३२५ व्होल्टचा एकदिश दाब तयार होतो, मोठ्या टीव्हींत चारशेच्या जवळ. तो ज्या कॅपॅसिटरमध्ये साठतो, तो प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला असू शकतो. मिस्त्री काय करतो ते मात्र माहीत असावं, म्हणजे समोर बसून काम पाहता येतं.

चांगला मिस्त्री लगेच पॅनल काढत नाही. आधी नजर फिरवतो: फुगलेले कॅपॅसिटर, करपलेला भाग, मुंग्या, मेलेली पाल. पावसाळ्यात हे शेवटचे दोन अगदी खरेखुरे गुन्हेगार असतात. मग तो मल्टिमीटर घेऊन दोन जागा तपासतो. दिव्यांच्या पट्टीकडे जाणाऱ्या वायरवर टीव्ही लावताक्षणी दाब उसळून पडला, तर ड्रायव्हर काम करतोय आणि माळ तुटली आहे. दाब उसळतच नसेल, तर मुख्य बोर्डाकडून ‘दिवे लाव’ हा आदेश येतोय का ते बघतो. बोर्डावर त्या पिनेपाशी बहुधा तसं लिहिलेलंच असतं, आणि आदेश म्हणजे साधारण ३ व्होल्टचा दाब. आदेश येतोय आणि तरी दिवे लागत नाहीत, म्हणजे ड्रायव्हर गेला. आदेशच येत नाही, म्हणजे चूक मुख्य बोर्डाची. दोन मोजमापांत दोष तीन भागांपैकी एकात कोंडला जातो. यालाच मी कारागिरी म्हणेन. बोर्ड बदलून बघू, नाही तर दुसरा लावू, ही जुगाराची जात आहे आणि पत्त्यांचे पैसे गिऱ्हाइकाचे असतात.

माळ तुटल्याचं ठरलं, की पॅनल उतरवावं लागतं. सगळ्या कामात धोक्याची पायरी हीच. काच कागदासारखी पातळ, आणि तिच्या कडेला केसाएवढ्या तारांच्या लवचीक पट्ट्या चिकटवलेल्या. ४३ इंचांच्या पुढे हे काम दोघांचं आहे. एकट्याने उचललं तर काच मध्येच वाकते आणि खऱ्या अर्थाने ‘पॅनल जातं’. काच, पापुद्रे आणि दुधी प्लास्टिक क्रमाने बाजूला ठेवलं, की पट्ट्या समोर येतात. टेस्टरने एकेक दिवा पेटवून पाहतात. सापडलेला एकच दिवा बदलायचा की सगळ्या पट्ट्या, इथे गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांची घासाघीस होते. माझं ऐकाल तर सगळ्या बदला. बाकीचे दिवेही तेवढेच तास तापलेले आहेत, आणि काच पुन्हा उतरवण्याची जोखीम पट्टीच्या किमतीहून मोठी आहे. नवीन पट्टी त्याच व्होल्टेजची आणि तेवढ्याच दिव्यांची हवी. ३ व्होल्टच्या जागी ६ व्होल्टची बसवली, तर ड्रायव्हर कुरकुरेल किंवा जळेल. जाणता मिस्त्री जाता जाता ड्रायव्हरमधला एक रेझिस्टर बदलून प्रवाह थोडा उतरवतो. उजेड किंचित कमी होतो, दिवे जास्त टिकतात. तो स्वतःहून हे सांगत नसेल, तर आपण विचारावं.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू: पडदा झळकतोय, उजेड आहे, पण चित्र नाही. किंवा पडदा पूर्ण पांढरा आहे, रंग उलटेपालटे आहेत, अर्धा भाग काळा आहे, उभ्या रेषा आहेत. यात मुख्य बोर्ड आणि पॅनल यांच्यामधल्या एका छोट्या बोर्डावर संशय जातो. मिस्त्री त्याला टी-कॉन म्हणतात. आलेलं चित्र ओळीने कापून प्रत्येक ठिपक्याला कधी, किती दाब द्यायचा हे तो ठरवतो. स्वस्त टीव्हींत तो मुख्य बोर्डावरच किंवा पॅनलच्या कडेलाच बसवलेला असतो. मुख्य बोर्डाकडून त्याच्याकडे एक रुंद रिबन केबल येते, आणि दमट हवेने तिच्या पिना काळ्या पडतात. ती काढून, पुसून परत बसवल्यावर चित्र आलं असे प्रसंग दुर्मीळ नाहीत. टी-कॉनला सहसा १२ व्होल्ट मिळतात आणि दाराशीच एक बारका फ्यूज असतो. तो उडाला असेल तर पुढे काही तरी शॉर्ट असल्यामुळे उडाला असतो. फ्यूजच्या जागी तार जोडून देणाऱ्या मिस्त्रीपासून लांब राहावं.

अर्धा पडदा काळा किंवा जाड उभे पट्टे असतील तर बातमी वाईट आहे. टी-कॉनपासून काचेपर्यंत जाणाऱ्या त्या लवचीक पट्ट्यांपैकी एखादीचा सांधा सुटलेला असतो. तो जोडायला उष्णता आणि दाब देणारं खास यंत्र लागतं, आणि जोडलेला सांधा किती टिकेल याची हमी कुणी देत नाही. काच फुटली असेल, कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ आणि शाईचा डाग दिसत असेल, तर तिथे दुरुस्ती थांबते. पॅनलची किंमत जवळपास टीव्हीची किंमत. ‘पॅनल गेलं’ हे वाक्य इथे खरं आहे, आणि ते ऐकून घ्यावं.

दोन अपवाद राहिले. ओएलईडी टीव्हीत मागचा दिवा नसतोच, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तिथे बॅटरीच्या झोताने काही कळणार नाही. आणि अगदी जुन्या, जाड एलसीडी टीव्हींत एलईडीऐवजी पाऱ्याची वाफ भरलेल्या बारीक नळ्या असतात. त्यांना पेटायला हजाराहून जास्त व्होल्ट लागतात, आणि लक्षण मात्र तेच: दोन सेकंद उजेड, मग अंधार.

डबा टीव्हीचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना हे सगळं फार उलटं वाटेल. तिथे उजेड आणि चित्र वेगळे नव्हतेच. मागच्या नळीतून येणारा इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावरच्या लेपावर आदळे तेव्हा उजेड पडे, आणि तोच झोत चित्र काढत असे. म्हणून आवाज आहे पण चित्र नाही, असा संच आला की जुने मिस्त्री आधी नळीच्या मानेत नारिंगी धग दिसते का ते बघत. धग नसेल तर फिलामेंट किंवा त्याची वीज गेली. धग असून पडदा काळा, तर उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर संशयित. रंगीत टीव्हीत तो २० ते २५ हजार व्होल्ट तयार करी, आणि संच बंद केल्यावरही नळी तो दाब धरून ठेवी. म्हणून ती माणसं एक हात मागे ठेवून काम करत. पडद्यावर मधोमध एकच आडवी रेघ राहिली, तर झोत वर-खाली हलवणारा भाग बसला. एका नजरेत निदान. आजच्या टीव्हीत इतकी बोलकी लक्षणं उरली नाहीत, म्हणून तर मोबाइलच्या बॅटरीचं महत्त्व.

छत्तीसगडच्या पावसाळ्यात विजा फार पडतात. आभाळ गडगडायला लागलं की टीव्हीचा प्लग तर काढावाच, पण छतावरच्या डिशकडून येणारी वायरही बॉक्समधून सोडावी. पुष्कळांचा टीव्ही प्लग काढलेला असतानाही जातो तो या वायरीच्या वाटेने: आधी बॉक्स, मग एचडीएमआयची वायर, मग मुख्य बोर्ड. स्टॅबिलायझर यात मदत करत नाही.

दुरुस्ती की नवा, हा हिशेब निदानानंतर करायचा असतो, आधी नाही. पट्ट्या किंवा ड्रायव्हर असेल तर टीव्ही आठ-दहा वर्षांचा असला तरी दुरुस्त करण्यात शहाणपण आहे, कारण महाग भाग शाबूत आहे. टी-कॉनपर्यंतही चालेल. त्यापुढे पैसे घालू नयेत. टाकायचाच झाला तर भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत ठिकाणी द्यावा. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी ती जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. वर सांगितलेल्या पाऱ्याच्या नळ्यांचे टीव्ही तर फोडू देऊच नयेत.

पट्ट्या बदललेला टीव्ही घ्यायला जाल, तेव्हा पैसे द्यायच्या आधी मोबाइलवर एक कोरं पांढरं चित्र तयार ठेवा आणि ते टीव्हीवर लावायला सांगा. सिनेमाच्या रंगीत दृश्यात दोष लपतात, पांढऱ्यावर लपत नाहीत. उजेड चारही कोपऱ्यांत सारखा आहे का, मध्ये धुळीचे काळे ठिपके अडकलेत का, एखादा कोपरा निळसर आहे का, हे पाहा. मग टीव्ही तसाच अर्धा तास चालू ठेवायला सांगा, कारण सैल सांधा गरम झाल्यावरच उघडा पडतो. तोवर जुन्या पट्ट्या मागून घ्या आणि त्यांच्यावरचे दिवे मोजा: नव्या पट्टीवर तेवढेच होते का, हे मिस्त्रीला तिथल्या तिथे विचारता येतं.